पेल्व्हिक फ्लोअरची ताकद मोजताना: कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा

एका बाईला सकाळी एका फिजिओथेरपिस्टने तपासलं आणि कागदावर ० ते ५ मधली श्रेणी लिहिली ३. दुपारी दुसरीने तपासलं, तिने लिहिली २. मधल्या चार तासांत त्या बाईचे स्नायू काही बदललेले नाहीत. पेल्व्हिक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, कामात नव्याने आलेल्या प्रत्येकीपुढे असा कागद कधी ना कधी येतो, आणि मनात पहिला विचार येतो की माझंच चुकलं असणार, अजून हात बसलेला नाही.

हात बसायला वेळ लागतो हे खरंच. पण सगळा दोष हाताचा नसतो. २००१ साली नॉर्वेच्या संशोधक कारी बो आणि हाने फिंकेनहागेन यांनी फिजिओथेरपी शिकणाऱ्या २० विद्यार्थिनींची बोटाने तपासणी करून पाहिली. दोन तपासनीस, तीच सहा श्रेणींची मोजपट्टी, त्याच विद्यार्थिनी. दोघांची श्रेणी जुळली ती फक्त ४५ टक्के वेळा. पद्धतीतच किती हलतेपण आहे, ते यावरून कळतं.

हे स्नायू मोजायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी मी हा लेख लिहिते आहे. तुम्ही विद्यार्थिनी असाल, प्रसूती विभागात काम करत असाल किंवा प्रबंधासाठी मोजमापं घेत असाल. एक आग्रह मात्र लेखभर राहील: आकडा लिहिताना तो किती हलतो तेही माहीत असलं पाहिजे. नाहीतर ‘सुधारणा झाली’ असं आपण एखादीला सांगतो आणि तिच्या स्नायूंत काहीच घडलेलं नसतं. किंवा याच्या उलट होतं, आणि ते मला जास्त लागतं. मेहनत करणाऱ्या बाईला आपण ‘फरक नाही’ म्हणतो आणि ती व्यायाम सोडून देते.

पायरी १. नेमकं काय मोजायचं आहे ते आधी ठरवा

पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा थर म्हणजे श्रोणितळ, बोलण्यात आपण ज्याला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतो तो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्याच्यावर विसावलेले असतात. त्यातला मुख्य स्नायू लिव्हेटर अॅनाय. तो नीट आकुंचन पावला की दोन गोष्टी एकदम होतात: मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्गाभोवतीची पकड आवळते आणि सगळा तळ आत, वरच्या बाजूला उचलला जातो.

‘ताकद’ या एका शब्दाखाली आपण बरंच काही कोंबतो. जास्तीत जास्त पकड किती, ती किती सेकंद टिकते, किती वेळा पुन्हा करता येते, झटकन करता येते का, आणि आवळल्यावर स्नायू पूर्ण सैल सोडता येतो का. शिवाय खोकला येण्याच्या क्षणी स्नायू वेळेवर आवळला जातो का, हा प्रश्न वेगळाच. भरपूर ताकद असूनही वेळ चुकल्यामुळे शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायका असतात. म्हणून कोणतंही साधन हातात घेण्याआधी त्या दिवशीचा प्रश्न एका ओळीत लिहा. ‘सहा आठवड्यांच्या व्यायामाने जास्तीत जास्त पकड वाढली का?’ हा एक प्रश्न झाला. ‘तिला आकुंचन करता येतं का?’ हा दुसरा. दोन्हींना साधन वेगळं लागतं आणि विश्वासार्हतेची कसोटीही वेगळी लागते.

इथेच दोन शब्दांची गफलत निस्तरू. विश्वासार्हता म्हणजे तीच गोष्ट पुन्हा मोजली तर उत्तर तेच येणं. वैधता म्हणजे जे मोजायचं आहे तेच मोजलं जाणं. नेहमी दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा अगदी विश्वासार्ह असतो, फक्त तो खरं सांगत नाही. पेल्व्हिक फ्लोअरच्या बाबतीत हा धोका खूप खरा आहे. पोटाने खाली जोर देणाऱ्या बाईचा दाब यंत्रावर दर वेळी तितकाच, व्यवस्थित नोंदला जाईल. आकडे सुंदर जुळतील आणि पेल्व्हिक फ्लोअरबद्दल एक अक्षरही सांगणार नाहीत.

पायरी २. संमती, आणि कोणाला तपासायचं नाही

ही पायरी उरकण्याची नाही. योनिमार्गातून तपासणी का करायची, कशी होईल, किती वेळ लागेल, तपासणी न करता काय करता येईल, हे कपडे बदलायच्या आधी, समोर बसून सांगा. सोबत कोणी हवं आहे का ते विचारा. ‘कुठल्याही क्षणी थांबा म्हणालात की मी थांबेन’ हे शब्द उच्चारा, आणि ती थांबा म्हणाली तर खरोखर हात काढून घ्या.

बाईची इच्छा नसेल, योनिमार्गाचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, प्रसूतीला किंवा शस्त्रक्रियेला पुरेसे आठवडे उलटले नसतील, स्पर्शानेच तीव्र वेदना होत असतील, तर आतून तपासणी करू नका. गरोदरपणात आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. मागे अत्याचार सोसलेला असू शकतो, आणि तो प्रत्येक जण सांगतेच असं नाही, हेही ध्यानात ठेवा. लॅटेक्सची अॅलर्जी आहे का हे विचारायचं मात्र कधीही विसरू नका. हातमोज्यांपासून प्रोबच्या (यंत्राचा आत घालायचा भाग) कव्हरपर्यंत सगळीकडे ते असू शकतं.

मोजमापाशीही याचा थेट संबंध आहे. घाबरलेली, संकोचलेली बाई स्नायू आधीच आवळून बसते. मग विश्रांतीतला दाब जास्त दिसतो, वरची वाढ कमी दिसते, आणि पुढच्या आठवड्यात ती निवांत असली की आकडे बदलतात. निम्मी अविश्वासार्हता घाईत घेतलेल्या संमतीतून येते, असं माझं अनुभवावरून बनलेलं मत आहे.

पायरी ३. आकुंचन बरोबर होतंय का ते बघा, मगच मोजा

१९९१ साली अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सूचना दिल्या आणि पेल्व्हिक फ्लोअर आवळायला सांगितलं. साधारण निम्म्या जणींनी ते चांगलं केलं. चौघींपैकी एकीने मात्र असं केलं की त्याने लघवीचा त्रास उलट वाढू शकला असता. नुसतं तोंडाने सांगून भागत नाही, हे यातून पक्कं झालं.

म्हणून आधी डोळ्यांनी बघा. बाई पाठीवर, गुडघे वाकवून झोपलेली. मांडीवर चादर. आकुंचन बरोबर असेल तर योनिद्वार आणि गुदद्वार यांमधला भाग आत ओढला जाताना दिसतो. तोच भाग बाहेर फुगत असेल तर ती खाली जोर देते आहे. नितंब आवळणं, मांड्या जवळ आणणं, श्वास रोखणं, कंबर उचलणं, हे सगळे नेहमीचे सोबती. पोटाचा खालचा भाग हलकासा आत गेला तर चालतं. श्वास अडकला तर नाही.

सूचनेचे शब्दही ठरवून ठेवा. ‘लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखायचे आहेत, असं आवळून आत वर ओढून घ्या’ हे वाक्य बहुतेकींना समजतं. तुम्ही दुसरं वाक्य निवडलंत तरी हरकत नाही, पण ते दर वेळी तेच असलं पाहिजे. एकीला ‘जोरात, अजून जोरात!’ म्हणून चेव आणायचा आणि दुसरीला हळू आवाजात नुसतं ‘करा’ म्हणायचं, तर आपण स्नायूंऐवजी आपल्याच आवाजातला फरक मोजत बसतो.

लघवी करता करता मध्येच धार थांबवून ताकद बघायला सांगणं टाळा. मूत्राशय किती भरलं आहे, धार कशी आहे, अशा कितीतरी गोष्टींवर ते अवलंबून असतं आणि सवयीने केलं तर लघवीच्या सहज क्रियेत अडथळा येऊ शकतो.

पायरी ४. बोट: सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात हलतं साधन

बोटाने जे कळतं ते कुठल्याच यंत्राला कळत नाही. उजवी बाजू डावीपेक्षा पातळ आहे, एका ठिकाणी दाबलं की दुखतं, आकुंचनानंतर स्नायू सैल पडत नाही, प्रसूतीत एका बाजूचा स्नायू हाडापासून सुटल्यासारखा वाटतो. उपचार ठरवायला हे अमूल्य आहे. मी तर यंत्र असलं तरी बोटाची तपासणी सोडत नाही.

रीत साधी आहे. मूत्राशय रिकामं करून यायला सांगा. हातमोजा, जेल, आधी एक बोट. स्नायू खालच्या बाजूला, घड्याळाच्या ४ आणि ८ या आकड्यांच्या दिशेला हाताला लागतात. प्रथम विश्रांतीत कसा आहे ते बघा, मग आवळायला सांगा, मग सोडायला. सोडणं आवळण्याइतकंच नोंदवा.

श्रेणीसाठी सर्वाधिक वापरली जाते ती सुधारित ऑक्सफर्ड मोजपट्टी. ० म्हणजे काहीच हालचाल नाही. १ म्हणजे नुसती फडफड. २ म्हणजे कमजोर आकुंचन, बोटाला जाणवतं पण उचल नाही. ३ म्हणजे मध्यम, आतल्या दिशेने उचल जाणवते. ४ म्हणजे चांगलं, प्रतिकाराविरुद्ध उचल. ५ म्हणजे जोरकस, बोट घट्ट धरून आत ओढलं जातं. जो लेकॉक यांनी याच श्रेणीभोवती परफेक्ट नावाची पद्धत बांधली. तिच्यात ताकदीबरोबर टिकाव, पुनरावृत्ती आणि झटपट आकुंचनं मोजतात. आकुंचन कमाल १० सेकंदांपर्यंत आणि ताकद ३५ टक्क्यांनी घसरेपर्यंत टिकलं तेवढा टिकाव धरायचा.

आता अडचण कुठे येते ते बघा. २ आणि ३ यांच्या मधली भिंत ‘उचल’ या एका शब्दावर उभी आहे. तुमच्या बोटाला जी उचल वाटते ती माझ्या बोटाला नुसती पकड वाटू शकते. ३ आणि ४ मध्ये ‘प्रतिकार’ आला, पण किती प्रतिकार? ते प्रत्येकीच्या बोटाच्या जोरावर. शिवाय ही क्रमवाचक मोजपट्टी आहे. १ ते २ आणि ४ ते ५ ही अंतरं सारखी नाहीत. म्हणून सगळ्यांच्या श्रेणी मिळवून ‘सरासरी २.७ वरून ३.१ झाली’ असं लिहिणं चुकीचं आहे. प्रबंधात हे वाक्य दिसलं की मला थांबावंसं वाटतं. त्याऐवजी किती जणींची श्रेणी वर गेली, किती जणींची तिथेच राहिली, ते लिहा.

श्रेणींना अधिक-उणे चिन्हं लावून १५ पायऱ्या करायचा मोह होतो. माझा सल्ला: नव्याने शिकताना नको. सहा पायऱ्यांवर दोघींचं जुळत नसेल तर पंधरांवर जुळण्याची आशा कशी धरायची? उलट आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने २००५ मध्ये सुचवलेली चार पायऱ्यांची भाषा, म्हणजे आकुंचन नाही, कमजोर, सामान्य, जोरकस, ही रोजच्या नोंदीला जास्त प्रामाणिक वाटते. ब्रिंक मोजपट्टी दाब, वेळ आणि बोटाची उचल यांना वेगवेगळे गुण देते. वेगळं वेगळं विचार करायची सवय लावायला ती चांगली.

थोडक्यात बोटाचं स्थान असं: आकुंचन आहे की नाही, बरोबर आहे की नाही, दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही, यासाठी बोट. तुम्ही स्वतः त्याच बाईला पुन्हा तपासताना ठळक फरक बघायला बोट. पण दोन वेगळ्या तपासनिसांचे आकडे शेजारी ठेवून एका श्रेणीच्या फरकावर निष्कर्ष काढायचा असेल तर बोटावर विसंबू नका.

पायरी ५. दाबमापन: आकडा मिळतो, पण कसला?

१९४८ साली आर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी पेरिनिओमीटर नावाचं साधन आणलं. योनिमार्गात हवेने भरलेला रबरी भाग, त्याला नळीने जोडलेलं दाबमापक. ‘केगेल व्यायाम’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. आजची दाबमापक यंत्रं त्याच कल्पनेची सुधारलेली रूपं आहेत, आणि आकुंचनाचा कमाल दाब मोजण्यात ती सामान्यतः बोटापेक्षा जास्त स्थिर उत्तर देतात.

तरी चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे पोटाचा दाब. प्रोबला कळत नाही की दाब स्नायूंच्या पकडीतून आला की वरून, पोटातून. खोकला, श्वास रोखणं, जोर देणं, या सगळ्याने आकडा चढतो. म्हणून मोजताना नजर पडद्यावर न ठेवता योनिद्वारावर ठेवा. प्रोब आत ओढला गेला तरच तो प्रयत्न धरा. बाहेर ढकलला गेला तर आकडा कितीही मोठा असो, खोडा. ही एक सवय लागली तरी तुमच्या मोजमापांचा दर्जा कितीतरी वर जाईल.

दुसरं, प्रोबची जागा. पकड सर्वांत जास्त असते तो पट्टा योनिद्वारापासून काही सेंटिमीटर आत असतो. प्रोब एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाला की आकडा बदलतो. प्रोबवर खूण करा, किती आत घातला ते लिहा, पुढच्या वेळी तितकाच घाला.

तिसरं, यंत्राचा आकार. जाड प्रोब आणि बारीक प्रोब एकाच बाईत वेगळे आकडे देतात, कारण स्नायू वेगळ्या लांबीला ताणला जातो. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडून बघू नका. एकक बदलणं सोपं आहे: १ मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १.३६ सेंटिमीटर पाणी, आणि १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ १ सेंटिमीटर पाणी. पण एकक बदललं म्हणून यंत्रं तुलनेला योग्य होत नाहीत.

चौथं, काय मोजता ते. कमाल दाब पुनःपुन्हा बऱ्यापैकी तोच येतो. विश्रांतीतला दाब त्याहून जास्त हलतो. टिकावाचं मोजमाप तर सगळ्यात डळमळीत, कारण आकुंचन संपलं कधी हे ठरवणं अवघड आणि बाईचा त्या दिवशीचा उत्साह त्यात मिसळलेला. त्यामुळे ‘हे यंत्र विश्वासार्ह आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या मापासाठी, कोणत्या स्थितीत, कोणत्या बायकांमध्ये, हे जोडल्याशिवाय ते लिहू नका.

पायरी ६. बाकीची साधनं, झटपट

डायनॅमोमीटर म्हणजे बल मोजणाऱ्या पात्यांचा स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरणारं साधन). तो थेट न्यूटनमध्ये बल देतो, म्हणून ‘ताकद’ या शब्दाच्या सर्वांत जवळ जातो. कॅनडात शांताल ड्युमुलां आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास त्यावर पायाभूत काम केलं. पात्यांमधलं अंतर वाढवलं की बल बदलतं, तेव्हा अंतर ठरवून ठेवणं बंधनकारक. मोजणी साधारण एकाच दिशेची होते आणि हे साधन रोजच्या दवाखान्यात फारसं दिसत नाही.

ईएमजीबद्दल मात्र जरा थांबते, कारण इथे नवशिके सर्वाधिक फसतात. पडद्यावर मायक्रोव्होल्टचा मोठा आलेख उठतो आणि वाटतं, केवढी ताकद! ईएमजी स्नायूतली विद्युत हालचाल दाखवतो, बल दाखवत नाही. इलेक्ट्रोड स्नायूला किती टेकला आहे, मधला थर किती जाड आहे, ओलावा किती आहे, प्रोब सरकला का, शेजारच्या मांडीचे किंवा नितंबाचे संकेत मिसळले का, या सगळ्यावर तो आकडा चढतो-उतरतो. एका बाईचे मायक्रोव्होल्ट दुसरीशी ताडू नका. त्याच बाईचे दोन दिवसांचे आकडेही सांभाळून वाचा. एकाच बैठकीत तिला ‘बघा, आता आवळलं, आता सोडलं’ हे दाखवायला मात्र ईएमजी फार छान आहे.

सोनोग्राफी हालचाल दाखवते. योनिद्वाराबाहेर प्रोब टेकवून केलेल्या तपासणीत जघनास्थी हा पक्का आधारबिंदू मिळतो, त्यामुळे मूत्राशयाची मान किती उचलली गेली किंवा लिव्हेटरमधली फट किती आक्रसली, हे चांगल्या सुसंगतीने मोजता येतं. पोटावरून केलेली सोनोग्राफी बाईला सोयीची, कपडेही फारसे काढावे लागत नाहीत; पण तिथे हाडाचा स्थिर संदर्भ नसतो, आणि पोटाची भिंत हलली किंवा हातातला प्रोब दाबला गेला की मूत्राशयाचा तळ हलल्यासारखा दिसतो. शिवाय ज्या बाईचे स्नायू आधीच ताठ आहेत तिची उचल कमी दिसते. म्हणून उचल कमी दिसली की ताकद कमी, असा हिशेब लगेच मांडू नका.

वजनाचे शंकू व्यायामासाठी आहेत. मोजमाप म्हणून ते नकोत; शंकू आडवा अडकला तर कमजोर स्नायूंतही तो टिकून राहतो.

पायरी ७. रीत एका पानावर लिहून काढा

इथपर्यंत जे जे हलतं म्हणून सांगितलं ते सगळं या पानावर बांधून टाका. स्थिती कोणती, झोपून घेतलेला आकडा उभं राहून घेतलेल्या आकड्याशी ताडायचा नाही. उशी किती. मूत्राशय रिकामं, शेवटची लघवी किती वेळापूर्वी. सूचनेचं वाक्य शब्दशः. सरावाचे प्रयत्न किती, कारण पहिल्या एक-दोन प्रयत्नांत बाई अजून शोधत असते आणि तो शिकण्याचा परिणाम पुढे सुधारणा म्हणून मिरवतो. मग मोजायचे प्रयत्न किती. मी तीन घेते. मध्ये विश्रांती किती सेकंद. तिन्हींची सरासरी धरणार की सर्वांत मोठा आकडा, हे आकडे दिसण्याआधी ठरवा. नंतर ठरवलं की मन नकळत सोयीचं निवडतं.

पायरी ८. तुमच्याच हाताची चाचणी घ्या

दुसऱ्या कुणाच्या अभ्यासातली विश्वासार्हता तुमच्या हाताला आपोआप चिकटत नाही. तरुण, निरोगी विद्यार्थिनींवर मिळालेला चांगला निकाल अवयव खाली उतरलेल्या साठीतल्या बायकांना लागू होईल असं गृहीत धरू नका. तुम्ही ज्यांना तपासणार आहात तशाच बायका, त्यांच्या संमतीने, दोनदा तपासा.

दोन वेळांतलं अंतर विचाराने ठेवा. लगेच तपासलं तर तुम्हाला आधीचा आकडा आठवतो आणि स्नायू थकलेले असतात. खूप दिवसांनी तपासलं तर स्नायू खरंच बदललेले असू शकतात. साधारण आठवडाभराचं अंतर बरं पडतं, मधे नवा व्यायाम सुरू केलेला नसावा. पहिला कागद दुसऱ्या वेळी समोर नको. दोन तपासनीस असतील तर एकीने दुसरीचा आकडा ऐकायचा नाही, आणि कोणी आधी तपासायचं हा क्रम चिठ्ठी काढून बदलत राहायचा. नेहमी दुसऱ्या येणाऱ्या तपासनिसाच्या वाट्याला थकलेले स्नायू येतात.

पायरी ९. आकडे वाचायला शिका

यंत्राच्या आकड्यांसाठी आयसीसी नावाचा गुणांक वापरतात; पुन्हा घेतलेली मोजमापं एकमेकांशी किती जुळतात ते तो सांगतो, आणि १ म्हणजे पूर्ण जुळणी. कू आणि ली यांनी २०१६ मध्ये दिलेली ढोबळ वाटणी अशी: ०.५ च्या खाली कमकुवत, ०.५ ते ०.७५ मध्यम, ०.७५ ते ०.९ चांगला, ०.९ च्या वर उत्तम. श्रेणींसाठी भारित कप्पा (weighted kappa) वापरा; योगायोगाने होणारी जुळणी वगळून खरी जुळणी किती, ते हा गुणांक सांगतो. नुसती टक्केवारी फसवते, कारण बहुतेक बायका ३ मध्येच मोडत असतील तर डोळे मिटून ३ लिहिणाऱ्या दोघीही बऱ्याच वेळा ‘जुळतात’.

साधा सहसंबंध गुणांक इथे चालत नाही. एकीचे आकडे २०, ३०, ४० आणि दुसरीचे ३०, ४०, ५० असतील तर सहसंबंध पूर्ण १ येतो, आणि दोघींत दर वेळी १० चा फरक आहे! हा कायमचा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून ब्लँड-ऑल्टमन आलेख काढा, म्हणजे प्रत्येक जोडीच्या सरासरीसमोर त्या जोडीतला फरक मांडा.

आयसीसीचीही एक खोड आहे. १० पासून ८० पर्यंत पसरलेल्या बायकांच्या गटात ५-६ चा गोंधळ झाला तरी त्यांचा क्रम बदलत नाही, आयसीसी उंच राहतो. ३० ते ४० मध्ये दाटलेल्या गटात तेवढ्याच गोंधळाने सगळा क्रम विस्कटतो, आयसीसी कोसळतो. हात तोच, यंत्र तेच.

म्हणून मला सर्वांत कामाचा वाटतो तो पुढचा हिशेब. समजा तुमच्या गटात कमाल दाबाचं प्रमाण विचलन १५ सेंटिमीटर पाणी आहे आणि आयसीसी ०.९० आला. १ मधून ०.९० वजा केले, राहिले ०.१०. त्याचं वर्गमूळ सुमारे ०.३२. त्याला १५ ने गुणलं की सुमारे ४.७. ही मोजमापाची प्रमाणित त्रुटी. तिला २.७७ ने (१.९६ गुणिले २ चं वर्गमूळ, ९५ टक्के खात्रीसाठी) गुणा: सुमारे १३. हा किमान ओळखता येणारा बदल.

आता एक बाई येते. सुरुवातीला ३०, आठ आठवड्यांनी ४०. आपण आनंदतो, तीही आनंदते. पण १० हा फरक १३ च्या आत आहे. एकट्या त्या जोडीवरून स्नायू बळकट झाले असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि लक्षात घ्या, हे ‘उत्तम’च्या काठावरचा आयसीसी असताना. आयसीसी ०.७५ असता तर तोच उंबरठा जवळजवळ २१ वर गेला असता. तिन्ही प्रयत्नांची सरासरी घेतली तर तो खाली येतो, पण मग आयसीसीही त्या सरासरीवरच काढलेला हवा.

पायरी १०. तिला काय सांगायचं

आकडा कागदावर लिहा, शेजारी यंत्राचं नाव, स्थिती, प्रयत्नांची संख्या, तपासनिसाचं नाव आणि तुमचा किमान ओळखता येणारा बदल लिहा. पुढची भेट शक्यतो त्याच तपासनिसाकडे, त्याच यंत्रावर, दिवसाच्या त्याच सुमारास ठेवा.

फरक उंबरठ्याच्या वर असेल तर तिला मोकळेपणाने सांगा. आत असेल तर असं म्हणता येतं: ‘आकडा वर गेलाय, पण एवढा फरक मोजणीतही पडू शकतो. अजून चार आठवड्यांनी पुन्हा बघू.’ आणि मग तिला विचारा, खोकताना कपडे ओले होणं कमी झालं का, जिना चढताना ओटीपोटातलं जडपण कसं आहे, रात्री किती वेळा उठावं लागतं. तिची ही उत्तरंही त्याच कागदावर, आकड्याच्या खाली, तारखेसह लिहा.